बाईंनी केलेली सोय

रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून रुजू झाले तेव्हा माझी समजूत अशी होती, की आता रोज अपघात, हृदयविकाराचे झटके आणि अडलेल्या बाळंतिणी बघायच्या. ते सगळं बघितलंच. पण कोथरूडच्या आमच्या पट्ट्यात आणखी एका तऱ्हेचा फोन वरचेवर यायचा. माणूस पडलंय, उचलायला या. रक्त नाही, छातीत दुखत नाही, शुद्ध जागेवर आहे. म्हातारं माणूस जमिनीवर आहे आणि घरातलं दुसरं माणूसही तेवढंच म्हातारं आहे, म्हणून उचलणारं कुणी नाही. आम्ही जायचं, हाड मोडलं नाही ना ते बघायचं, उचलून पलंगावर बसवायचं आणि निघायचं. माझ्याबरोबरचा चालक, ज्याला आमच्याकडे पायलट म्हणतात, तो अशा फोनना 'उचलणी' म्हणायचा.

बाईंच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती अशीच एक उचलणी होती.

जुनी सोसायटी, लिफ्ट नाही, तिसरा मजला. दार उघडलं ते एका उंच, वाळक्या बाईंनी. सुती साडी, पदराला पिन, नाकावर चष्मा. त्यांनी आधी आमच्या बुटांकडे पाहिलं, मग म्हणाल्या, "राहू द्या, फरशी आज पुसायचीच आहे." आत पलंग आणि कपाटाच्या मधल्या चिंचोळ्या जागेत एक गृहस्थ आडवे होते. त्यांच्या डोक्याखाली उशी होती, अंगावर चादर होती. जमिनीवरच अंथरूण घातल्यासारखं. त्यांना कंपवात होता. हात थरथरत होता, चेहरा मात्र अगदी स्थिर.

मी पाय तपासले, मांडीचा सांधा हलवून बघितला. काही मोडलं नव्हतं. आम्ही दोघांनी त्यांना बसतं केलं, मग उभं केलं. सवयीने मी म्हटलं, "आजी, यांना एकदा दवाखान्यात दाखवून घ्या." त्यावर बाई म्हणाल्या, "मी कुणाची आजी नाही. लग्नच केलं नाही. शाळेत मला बाई म्हणायचे, तुम्हीही तेच म्हणा. आणि हा माझा नवरा नाही, धाकटा भाऊ आहे."

तेव्हापासून त्या माझ्यासाठी बाई आणि त्यांचे भाऊ काका.

पुढे उचलण्या वाढत गेल्या. कधी आम्ही जायचो, कधी दुसरी गाडी. मी गेले की बाई दोन वाक्यं जास्त बोलायच्या, त्यातूनच हळूहळू मला त्यांची हकिकत कळली. येरवड्याच्या एका वस्तीत दोघं वाढली. वडील गेले तेव्हा बाई नुकत्याच मॅट्रिक झालेल्या. त्यांनी शिकवण्या करून भावाला शिकवलं, स्वतः रात्रीचं कॉलेज, मग डी.एड. केलं आणि मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. भाऊ वीज मंडळात लाइनमन. त्याची बायको गेली, मूलबाळ नव्हतं, तेव्हा बाई त्याला आपल्या घरी घेऊन आल्या. बायको गेल्यावर काका जेवेनासे झाले होते. बाई समोर बसल्या तरच दोन घास खायचे. ते बरेच दिवस तसंच चाललं, असं बाई एकदा सांगत होत्या आणि काका भिंतीकडे बघत ऐकत होते. त्याच भिंतीवर बुद्धांची एक तसबीर होती, पांढरी फुलं वाहिलेली.

काकांचा स्वभाव गमत्या. मी एकदा त्यांना विचारलं, नेमके कसे पडता हो तुम्ही? म्हणाले, "उभं आयुष्य खांबावर काढलं, एकदाही पडलो नाही. आता जमीन हातभर लांब असते तर पडतो." त्यांचं बोलणं त्या आजाराने बारीक आणि अस्पष्ट झालं होतं. बाई मध्ये दुभाष्यासारख्या उभ्या राहायच्या.

शेजाऱ्यांना हाक का मारत नाही, असंही मी विचारलं होतं. जिन्यात समोरासमोर तर दारं होती.  बाई म्हणाल्या, की हे घर घेण्याआधी दोन इमारतींमध्ये आडनाव ऐकल्यावर 'घर आधीच विकलं गेलंय' असं सांगण्यात आलं होतं. इथे तसं कुणी म्हटलं नाही. शेजारी चांगले आहेत. "पण चांगल्यांकडूनही मागायचं नाही, असं मी तेव्हाच ठरवलं. तुमची गाडी सरकारी आहे. तिच्यावर माझा हक्क आहे."

यात चूक काढण्यासारखं मला काही दिसेना. पण गाडी हा काही त्या घरावरचा उपाय नव्हता. काकांना आंघोळ घालायला माणूस हवा होता, बाथरूममध्ये धरायला दांडा हवा होता, व्यायाम करून घेणारं कुणीतरी हवं होतं. आणि बाईंना दिवसातून तासभर तरी पाठ टेकायला हवी होती. यातलं काहीही माझ्या गाडीत नव्हतं.

माझ्या ओळखीच्या एक ताई होत्या. पूर्वी एका सरकारी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम करायच्या. निवृत्तीनंतर त्यांनी घरी बसून राहण्याऐवजी आमच्या भागातल्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्या माणसांसाठी चालणाऱ्या एका छोट्या संस्थेचं काम हाती घेतलं होतं. कोणाला डबा हवा, कोणाला मदतनीस, कोणाला नुसतं आठवड्यातून एकदा कुणी येऊन बसायला हवं, हे सगळं त्यांना ठाऊक असायचं. शहरात मिसळून गेलेल्या एका गावच्या त्या. स्कूटरवर फिरायच्या आणि बोलणं गावाकडचंच ठेवलं होतं. मी त्यांना बाईंकडे घेऊन गेले.

बाईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं. मग अगदी नम्रपणे म्हणाल्या, की आपण फार चांगलं काम करता, ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी जरूर करा. ताई हसल्या. जिना उतरताना मला म्हणाल्या, "नाय म्हनायचा बी एक काळ असतो, डॉक्टर. आपन ओळख करून दिली. आता त्यांना येळ देऊ."

पुढचे काही महिने तसेच गेले. आम्ही उचलायला जात राहिलो. बाईंनी दांडा तेवढा बसवून घेतला.

मग एके दिवशी मी ड्यूटीवर असताना बाईंचा मला फोन आला. कोणी पडलं होतं म्हणून नाही. "त्या तुमच्या ताईंना पाठवा," म्हणाल्या. "मदतनीस पण बघा. सकाळी आंघोळीला एक आणि दुपारी एक." मी विचारलं, तब्येत बरी आहे ना? "मी विचार बदलला. माणसाने बदलू नये का?" आणि फोन ठेवला.

मला फार बरं वाटलं. आमच्या कामात शेवट बघायला मिळत नाही. पेशंट रुग्णालयाच्या दारात उतरवायचा, पुढचं काही कळत नाही. इथे मात्र एक घर मार्गी लागताना दिसत होतं. ताईंनी झपाट्याने सगळं जुळवलं. सकाळी एक मदतनीस येऊ लागला. व्यायाम करून घेणारी मुलगी आठवड्याला येऊन जायची. दुपारचा डबा सुरू झाला. जवळच्या विरंगुळा केंद्रातले दोन निवृत्त गृहस्थ काकांना खुर्चीत बसवून, खुर्चीसकट जिना उतरवून पत्त्यांच्या डावाला घेऊन जाऊ लागले. चौकीतले एक हवालदार मधूनमधून विचारपूस करून जायचे. उचलणीचे फोन जवळजवळ थांबले.

फक्त बाईंचं वागणं ताईंना कोड्यात टाकत होतं. त्या म्हणायच्या, घरात मदत आली की घरातल्या माणसाला कसं हायसं वाटतं, इथे तसं नाही. मदतनीस आंघोळ घालत असताना काकांनी अक्का म्हणून हाक मारली, तरी बाई बाहेरच बसून राहायच्या. डबा आळणी म्हणून काका जेवेनात, तर बाई स्वयंपाकघरात असूनही चटणीसुद्धा वाढायच्या नाहीत. त्यांनी ताईंना चांगल्या वृद्धाश्रमाचीही चौकशी करायला सांगितली. स्वतः जाऊन दोन ठिकाणं पाहून आल्या.

त्या काळात काका एकदा बाथरूमपाशी घसरले आणि मी गेले. मदतनीस नवीन होता, घाबरून त्याने फोन केला होता. बाई घरी नव्हत्या. काकांना मी पलंगावर बसवलं तेव्हा त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि काहीतरी बोलले. मला कळलं नाही. मी कान जवळ नेला. "अक्काला माझा कंटाळा आला," ते म्हणत होते. तक्रार नव्हती आवाजात. हवामान सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाले, इतकी वर्षं केलं तिने, येणारच की कंटाळा.

मी म्हटलं, तसं काही नसेल काका, त्या थकल्या असतील. ते मान हलवत राहिले. ती मान आजाराने हलत होती की माझं म्हणणं त्यांना पटलं होतं, ते मला समजलं नाही.

त्यानंतर उन्हाळ्याच्या सुरुवातीला, सकाळी, पत्ता आला तो त्याच घराचा. मी पायलटला म्हटलं, काका पडले वाटतं पुन्हा. नियंत्रण कक्षातली मुलगी म्हणाली, की बोलणारे गृहस्थ नीट कळत नव्हते, पण त्यांनी पत्ता मात्र तुकडे तुकडे पाडून, पाठ केल्यासारखा सांगितला. नंतर कळलं, बाईंनी तो त्यांच्याकडून खरंच पाठ करून घेतला होता. रोज दुपारी, शाळेत पाढे म्हणून घेतात तसा.

दार नुसतं लोटलेलं होतं. काका दाराशीच भिंतीला टेकून बसले होते. पलंगापासून तिथवर ते सरपटत आले होते आणि कडी काढली होती. त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं.

बाई ओट्याखाली पडल्या होत्या. शुद्धीत होत्या, पण अंग गार, नाडी अगदी बारीक. ओठ पांढरे पडलेले. मी पट्टा लावून रक्तदाब बघितला आणि छातीला तारा लावायला पदर बाजूला केला, तेव्हा तो वास आला. डाव्या बाजूला ब्लाउजच्या आत जुन्या मऊ कापडाच्या घड्या बांधलेल्या होत्या. स्वच्छ धुतलेल्या, एकावर एक नीट ठेवलेल्या. त्याखालची जखम मी पाहिली. एवढं वाढलेलं स्तनाचं दुखणं मी शिकतानासुद्धा क्वचितच पाहिलं होतं.

बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी पदर परत ओढून घेतला. बाहेर दाराशी काका बसले होते, तिकडे डोळ्यांनी खूण केली.  चादरीत घालून आम्ही त्यांना तीन मजले उतरवलं. समोरच्या घरातले गृहस्थ न बोलावता आले आणि त्यांनी चादरीचं एक टोक धरलं. त्यांची बायको काकांजवळ जाऊन बसली.

गाडी निघाल्यावर मी सलाइन लावलं आणि विचारलं, केव्हापासून?

"गेल्या पावसाळ्यापासून."

कुठे दाखवलंत का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "दाखवलं. एकटीच गेले होते. ते म्हणाले, उशीर झालाय, आता फक्त दिवस वाढवता येतील, आणि तेसुद्धा रुग्णालयात राहून. तुम्ही नवीन काही सांगणार आहात का?"

मी नाही म्हटलं. तेव्हा मला तो फोन आठवला, ताईंना पाठवा म्हणून केलेला. डॉक्टरांनी सांगितल्यानंतरचा तो आठवडा असावा. मी विचारलं नाही, पण त्यांना बहुतेक कळलं. डोळे मिटून घेत त्या हळूहळू बोलू लागल्या. गाडी कर्वे रस्त्याच्या गर्दीतून चालली होती. भोंग्यामुळे मला वाकून ऐकावं लागत होतं.

"त्याची बायको गेली तेव्हा तो जेवायचा थांबला होता. मी होते म्हणून उठला. आता माझ्यामागे कोण? म्हणून म्हटलं, मी असतानाच दुसऱ्यांच्या हातची सवय लागू दे. मी हाकेला गेले असते तर त्याला ती सवय लागली नसती."

मग म्हणाल्या, "फार अवघड होतं हो. तो आत हाका मारायचा आणि मी बाहेर खुर्चीला धरून बसायचे."

भावाला सांगू नका, एवढंच त्यांनी मागितलं. तो रडला की श्वास अडकतो त्याचा. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. रुग्णालयाच्या दारात त्यांना स्ट्रेचरवर घेतलं, तेव्हा त्यांनी तेवढ्यातही मला बजावलं, की काकांची दुपारची गोळी जेवणानंतरची आहे, आधीची नाही.

बाई घरी परत आल्या नाहीत. रुग्णालयात थोडं सावरल्यावर ताईंनी त्यांना अशा एका ठिकाणी हलवलं, जिथे बरं होण्याची आशा नसलेल्यांच्या वेदना तेवढ्या कमी करतात. तिथल्या डॉक्टरांनीच बाईंना समजावलं, की भावापासून आता लपवण्यात अर्थ नाही. बाईंनी वाद घातला, मग मान्य केलं. विरंगुळा केंद्रातल्या त्याच दोघा गृहस्थांनी काकांना खुर्चीसकट जिना उतरवून तिथे नेलं. मीही त्या दिवशी सुट्टी घेऊन गेले होते. काका पलंगाशेजारी चाकांच्या खुर्चीत बसले. डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकलं. त्यांचा चेहरा आजाराने हलतच नसे, त्यामुळे काय वाटलं ते कुणाला दिसलं नाही. बाईंनी विचारलं, आंघोळीला पाणी कढत देतो का तो? काकांनी मान हलवली. "डबा?" काका म्हणाले, "आळणी." बाई म्हणाल्या, सवय होईल. एवढंच बोलणं झालं.  परत निघायची वेळ झाली तेव्हा काकांचा थरथरता हात बाईंच्या अंगावरच्या चादरीवर होता आणि त्या हाताबरोबर चादर हलत होती.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. बाई पहाटे गेल्या. ताईंनी कळवलं तेव्हा मी ड्यूटीवर होते, पायलटने गाडी बाजूला घेतली. स्मशानात मी उशिरा पोचले. पांढऱ्या कपड्यांतली मोजकी माणसं होती, त्रिशरण म्हटलं जात होतं. नात्यातले थोडे, सोसायटीतले बरेच. मागे साठीच्या घरातल्या काही बायका रांगेत उभ्या होत्या. रांग इतकी सरळ होती की त्या विद्यार्थिनी असणार, हे मला विचारावं लागलं नाही.

काकांना बाईंनी पाहून ठेवलेल्या वृद्धाश्रमात नेलं. सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरच्या पुढे. सगळं त्यांनी ठरवून ठेवलं होतं, तळमजल्यावरची खोली, खिडकीजवळचा पलंग. काका विरोध न करता गेले. जेवतात, व्यायाम करतात, कुणाला त्रास देत नाहीत, असं ताई सांगायच्या. ताईंना त्यात समाधान होतं, आणि ते खोटं नव्हतं. सवय लागली होती. बाईंचं गणित बरोबर आलं होतं.

बाईंच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्या स्मृतीसाठीच्या वंदनेला, मला जाता आलं नव्हतं, म्हणून पावसाळा संपल्यावर एका रविवारी मी काकांना भेटायला गेले. ते व्हरांड्यात बसले होते. मला ओळखलं. मी इकडचं तिकडचं बोलले, ते हूं हूं करत होते. मग मी म्हटलं, बाईंनी जागा चांगली निवडली. हवा छान आहे.

ते काहीतरी बोलले. मी नेहमीसारखा कान जवळ नेला.

"सोय केली माझी," ते म्हणाले. "मला विचारलं नाही."



"मला वाटलं कंटाळली. मी पण मग बोलायचं कमी केलं तिच्याशी. तिला मोकळं वाटावं म्हणून. वर्षभर. शेवटचं वर्ष होतं ते, डॉक्टर." मध्ये मध्ये थांबत, श्वास गोळा करत ते बोलत होते. "सांगितलं असतं तर मी जवळ बसलो असतो. पडलो असतो, पण बसलो असतो."

मला त्यांची समजूत घालता आली असती. तुमच्यासाठीच केलं, असं म्हणता आलं असतं. ते त्यांना माझ्याआधी माहीत होतं. म्हणून मी त्यांना गाडीतलं बोलणं सांगितलं. बाई खुर्चीला धरून बाहेर बसायच्या, तेही सांगितलं. ते त्यांनी दोनदा सांगायला लावलं.  त्यांचे डोळे कोरडेच होते.

"बाहेर म्हणजे कुठे?" त्यांनी विचारलं. "दाराला लागून?"

मला ते माहीत नव्हतं. बाईंनी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. माहीत नाही, असंच मी म्हणाले. त्यांनी मान वळवून समोर पाहिलं. कुंपणापलीकडे उसाचा फड होता, त्याच्यावरून विजेच्या तारा गेल्या होत्या. आम्ही तसेच बसून राहिलो, आतून जेवणासाठी बोलावणं येईपर्यंत. मग एक मदतनीस आला, त्याने काकांच्या काखेत हात घातले आणि सराईतपणे त्यांना उभं केलं.